तेरा आठवड्यांच्या सिस्टर

ऑक्टोबर कलला की दक्षिण अ‍ॅरिझोनातल्या आमच्या गावात मिनेसोटा, आयोवा, नॉर्थ डकोटाच्या नंबरप्लेटी दिसायला लागतात. तिकडे बर्फ पडायच्या आत निवृत्त मंडळी आपापली चाकांवरची घरं घेऊन आमच्या उन्हाला येऊन बसतात, ती थेट एप्रिलपर्यंत. यांना इकडे स्नोबर्ड म्हणतात. हे पक्षी एकटे येत नाहीत. गुडघे, खुबे, साखर, पेसमेकर असा सगळा परिवार बरोबर असतो. त्यामुळे उन्हाळ्यात ओस पडलेलं हॉस्पिटल जानेवारीत असं भरतं की इमर्जन्सीच्या बोळात खाटा लावाव्या लागतात. चार महिन्यांच्या गर्दीसाठी बारा महिने नर्स कोण पोसणार? म्हणून या पक्ष्यांच्या मागोमाग दुसरा थवा येतो, तो ट्रॅव्हल नर्सचा. तेरा आठवड्यांचा करार, आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या, आणि करार संपला, पुढे वाढवला नाही, की रामराम करून पुढचं गाव.

यातल्या बहुतेक जणी कुठेतरी खोली भाड्याने घेतात. काही मात्र घरच ओढत आणतात. आमच्या सिस्टर या दुसऱ्या जातीच्या.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना चालणार नाही असं नाही, उलट फार आवडेल. पण नाव घेतलं की हॉस्पिटल ओळखू येईल आणि मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. मी लॅबमध्ये रात्रपाळीला असतो. लॅबवाल्याला नर्स आधी ऐकू येते, दिसते नंतर. रात्री दोनला मी वरच्या मजल्यावर फोन केला, “पोटॅशियम सात आलंय, पण नमुना हिमोलाइज झालाय, पुन्हा पाठवा.” रक्त काढताना पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं. हे वाक्य ऐकून नर्स एकतर सुस्कारा टाकतात, नाहीतर आमच्या मशीनचा उद्धार करतात. त्या रात्री पलीकडून टेनेसीच्या लांबट हेलात आवाज आला, “हनी, मी स्वतः काढलं असतं तर हे झालं नसतं. दहा मिनिटं दे.” आठव्या मिनिटाला एक बुटक्या, भरल्या अंगाच्या, पांढऱ्या बॉबकटातल्या बाई स्वतः ट्यूब घेऊन खाली हजर. दुसऱ्या हातात पेकानच्या बिस्किटांचा डबा. माझ्या छातीवरचं ‘जोशी’ त्यांनी वाचलं, एक अक्षर गिळलं, आणि तेव्हापासून मी त्या मजल्यावर ‘जॉश’ झालो.

बिस्किटांचं गुपित पुढे कळलं. नवीन हॉस्पिटलात पाऊल ठेवलं की सिस्टर पहिल्या रात्री ठरलेल्या चौकशा करतात. क्रॅश कार्ट, म्हणजे अत्यवस्थ पेशंटसाठीची औषधांची गाडी, कुठे, सामानाच्या खोलीचा कोड काय, बाथरूम कुठे, आणि इथला खरा कारभार कोणाच्या हातात. खरा कारभार मॅनेजरच्या हातात नसतो, ही त्यांची पक्की खात्री. तो वॉर्डच्या क्लार्कबाईकडे, सफाईवाल्या दादाकडे आणि रात्रीच्या लॅबवाल्याकडे असतो. म्हणून डबे तीनच भरायचे. डॉक्टरांना काही नाही. “त्यांना कोणी ना कोणी खाऊ घालतंच.”

कमरेला एक पाऊच. त्यात कात्री, चिकटपट्टी, सलाइनच्या भरलेल्या सिरिंजा, चार पेनं (तीन चोरीला जायची म्हणून), आणि एक छोटी टॉर्च. बॅग कधीच लॉकरमध्ये नीट लावत नाहीत. कारण कुठल्या मजल्यावर माणूस कमी पडलं की आधी ट्रॅव्हलरला उचलून तिकडे टाकायचं, हा जवळपास सगळीकडचा रिवाज. कायमच्या नर्सला नव्या जागी आठवडेच्या आठवडे हाताला धरून शिकवतात. यांना एक पाळी फिरवून दाखवतात आणि दुसऱ्या पाळीला पाच पेशंट हवाली करतात. त्या पहिल्या पाळीतला अर्धा वेळ पासवर्डमध्ये जातो. औषधांचं कपाट बोटाचा ठसा मागतं आणि सिस्टरचा ठसा उमटत नाही. तीस वर्षं हात धुऊन धुऊन बोटं गुळगुळीत झालीत, असं त्या सांगतात. कपाटासमोर उभ्या राहून दहाही बोटं एकेक करून लावून बघणाऱ्या सिस्टर हे दर नव्या हॉस्पिटलातलं पहिलं दृश्य. शेवटी करंगळी चालते.

कॅलिफोर्नियाचं नाव निघालं की मात्र त्या हळव्या होतात. एका नर्सकडे किती पेशंट द्यायचे, याचा कायदा तिथे १९९९ साली मंजूर झाला आणि २००४ पासून लागू झाला. अतिदक्षता विभागात दोनाहून जास्त नाहीत, साध्या वॉर्डात पाचाहून जास्त नाहीत. इतर राज्यांत कोणी सहावा पेशंट दिला की सिस्टर तोंडाने काही बोलत नाहीत, नुसत्या पश्चिमेकडे बघतात. पण कॅलिफोर्नियाचा परवाना वेगळा काढावा लागतो. चाळीसेक राज्यांत घरच्या राज्याचा एकच परवाना चालतो, कॅलिफोर्निया त्यात नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि पुन्हा बोटांचे ठसे. म्हणजे तिथेही भिस्त करंगळीवरच.

भटकी वृत्ती वगैरे या बाईंच्या रक्तात मुळीच नव्हती. सव्वीस वर्षं त्यांनी टेनेसीतल्या एकाच हॉस्पिटलात, एकाच मजल्यावर काढली. मग २०२० साली कोविड आला. यजमानांची फुप्फुसं आधीच अधू, सिगरेटची कमाई. त्या वेळी अमेरिकेत अनेकांनी अंगणात नुसत्याच उभ्या असलेल्या आपल्या आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, डॉक्टर-नर्सना राहायला दिल्या, घरच्यांना संसर्ग नको म्हणून. तशी एक सिस्टरच्या दारात येऊन लागली. ड्यूटीवरून आल्या की त्या गाडीत, यजमान घरात, मध्ये अंगण. खिडकीतून हात करायचा, ताट पायरीवर ठेवायचं. दोन महिने असे गेले. ऐकणारा चुकचुकतो. सिस्टर म्हणतात, “लग्नानंतरचे सगळ्यात सुखाचे दोन महिने.” गाडी परत करायच्या दिवशी त्या रडल्या, आणि यजमान समजले की आपली आठवण येत होती.

पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचं घर घेतलं. बत्तीस फुटी ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यावर नाक टेकवून ओढलं जाणारं ट्रेलर. इंडियानातल्या एल्कहार्टचं. अमेरिकेतली अशी बहुतेक घरं त्याच भागात बनतात. यजमानांनी जन्मभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवले होते आणि निवृत्त झाल्यावर व्हरांड्यात झुलत्या खुर्चीत बसून रस्त्याकडे पाठ करायची, एवढं एकच स्वप्न पाहिलं होतं. आता ते पुन्हा ट्रक चालवतात, मागे घर असतं, घरात झुलती खुर्ची असते, आणि गाडी चालत असताना त्या खुर्चीत मांजर बसतं.

पैशाचं बोलायला हवं, कारण कायमच्या नर्सच्या पोटात दुखतं ते इथेच. शेजारी उभं राहून तेच काम करायचं आणि हिला आपल्याहून जास्त. कोविडच्या लाटेत तर आठवड्याला पाच-पाच हजार डॉलरचे आणि त्याहून वरचेही करार निघाले. मग या गावची नर्स राजीनामा देऊन त्या गावी ट्रॅव्हलर म्हणून गेली, त्या गावची इकडे आली. दोन्हीकडे माणसं तेवढीच, बिल तेवढं दुप्पट. ही गंमत नर्सना दोन दिवसांत कळली, व्यवस्थापनांना कळायला दोन वर्षं लागली. आता भाव बरेच उतरलेत, तरी कुरकुर आहेच. सिस्टर येतात तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी कोणी जेवायला बसत नाही. दुसऱ्यात बिस्किटं संपतात. तिसऱ्यात एकेक जण बाजूला घेऊन हळूच विचारते, “तुमच्या एजंटचा नंबर द्याल का?” सिस्टर देतात. ओळख लावून दिल्याचा बोनस असतो.

एजंट म्हणजे नेब्रास्कातल्या ओमाहाला बसलेला पंचविशीचा पोरगा. या धंद्याच्या मोठ्या कंपन्यांची त्या गावात बरीच गर्दी आहे. या पोराने उभ्या आयुष्यात पेशंट पाहिलेला नाही, पण सिस्टरना तो रोज ‘रॉकस्टार’ म्हणतो आणि पुढे आगीची तीन चित्रं काढतो. हॉस्पिटलात पेशंट कमी झाले की करार मध्येच तुटू शकतो. तेव्हाही मेसेज ‘रॉकस्टार’नेच सुरू होतो, फक्त आग एकच असते. सिस्टर आगी मोजून अंदाज बांधतात.

आता घर. गावाबाहेर अल्फाल्फाच्या शेताला लागून आरव्ही पार्क आहे, तिथे त्यांचा महिन्याच्या भाड्याचा तुकडा. नव्या जागी आलं की पहिलं काम घर सपाट करण्याचं. चाकांखाली लाकडी ठोकळे घालायचे, पाय खाली सोडायचे, आणि दारातल्या पाणसळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत खटाटोप करायचा. हे नुसतं टापटिपीचं वेड नाही. त्यांच्या घरातल्यासारखे गॅसवर चालणारे फ्रीज तिरके उभे राहिले की रुसतात. त्यानंतर बटण दाबलं की दिवाणखान्याची भिंत तीन फूट बाहेर सरकते आणि बोळाचा हॉल होतो. बटण दाबण्यापूर्वी मांजर कुठे आहे हे दोघांनी स्वतंत्रपणे बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. जोखमीचं औषध देताना दोन नर्सनी तपासायची पद्धत असते ना, तीच.

खरी कसोटी मात्र टाक्यांची. अशा घरात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, आणि एक... वाचकांनी जेवून घेतलं असेल अशी आशा आहे. पहिलीला फ्रेश, दुसरीला ग्रे आणि तिसरीला ब्लॅक म्हणतात. नवशिका आरव्हीवाला पार्कात आला की तिसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह गटाराला जोडून उघडाच ठेवतो, आपोआप जात राहील म्हणून. जातं ते फक्त पाणी. उरतं त्याचा आत डोंगर होतो, आणि तो पुढे कोणत्याही कायद्याने हटत नाही. म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी जवळजवळ भरू द्यायची, मग एकदम सोडायची, आणि मागून ग्रेच्या पाण्याने नळी धुऊन काढायची. हा क्रम उलटा करणाऱ्याकडे सिस्टर ज्या नजरेने बघतात, ती नजर मी वॉर्डात फक्त हात न धुणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला आलेली पाहिलीय.

टाकी किती भरली हे सांगायला भिंतीवर दिव्यांची पट्टी असते. ती आरव्हीच्या जगात खोटेपणाबद्दल प्रसिद्ध आहे. आतल्या कडेला काहीतरी चिकटतं आणि टाकी रिकामी असली तरी दिवे ‘दोन तृतीयांश’ म्हणत राहतात. सिस्टरनी त्या पट्टीवर कधीच विश्वास ठेवला नाही. “मॉनिटर बघायचा नसतो, पेशंट बघायचा असतो,” हे त्यांचं ब्रीद. मग काय करतात? फ्रीजच्या दारावर वहीचं पान आहे. रकाने आखलेले. आत किती गेलं, बाहेर किती आलं. वॉर्डात मूत्रपिंडाच्या पेशंटचा असतो तसाच इनटेक-आउटपुट चार्ट, फक्त पेशंटच्या जागी घर. फ्लश एकदा म्हणजे एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. खाली ज्याच्या-त्याच्या सह्या. यजमान रात्री उठले आणि रेघ ओढायला विसरले तर सकाळी विचारणा होते. मी स्वतः ऐकलेला संवाद:

“रात्री कितीदा गेलास?”

“एकदा.”

“टाकी दोनदा म्हणते.”

पुढे त्याच पानावरून त्यांनी यजमानांची प्रोस्टेटची तपासणी करून घेतली, हे वेगळं. औषध सुरू आहे. टाकी आता नऊ दिवस पुरते.

या सगळ्यामुळे त्यांचा अमेरिकेचा भूगोल जगावेगळा झालाय. मी म्हटलं, फ्लॅगस्टाफला गेला होता ना, ग्रँड कॅन्यन जवळ, कसं वाटलं? “नळी गोठली.” टेक्सासच्या किनाऱ्यावरचं गाव? “गटाराचं तोंड उंचावर. पाणी चढावर जात नाही, हे ज्याला कळत नाही त्याने पार्क काढू नये.” सूर्यास्त, डोंगर, संग्रहालयं ही यजमानांची खाती. ते फोटो काढतात. सिस्टर उतार बघतात.

गेल्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. बदल्यांमध्ये कोरेगाव, दहिवडी, पाटण असा सातारा जिल्हा तिने उभा-आडवा पाहिला आणि आम्हाला दाखवला. एका रविवारी चिवड्याचा डबा घेऊन तिला सिस्टरकडे नेलं. आईने आधी ओटा पाहिला, मग मोरी, मग फडताळांना लावलेल्या कड्या, प्रवासात उघडू नयेत म्हणून बसवलेल्या. फ्रीजवरचं पान बघून तिने कशाचा हिशेब म्हणून विचारलं. मी “पाण्याचा” म्हणालो. खुर्चीत टेकल्यावर तिने तो प्रश्न टाकला जो आपली बायकामाणसं पाच मिनिटांच्या आत टाकतातच.

“यांचं घर कुठलं रे?”

मी भाषांतर केलं. सिस्टरनी तीन उत्तरं दिली. झोपायचं घर हे. परवान्याचं घर टेनेसी. आणि टॅक्सचं घर म्हणजे बहिणीच्या घरातली मागची खोली, जिचं भाडं त्या दर महिन्याला चेकने बहिणीला देतात, पावती घेतात, आणि जिथे वर्षातून जेमतेम महिनाभर राहतात. त्या खोलीत सध्या बहिणीची व्यायामाची सायकल आहे.

आता हे आईला कसं समजवायचं? अमेरिकेत येऊन इतकी वर्षं झाली, मलाच ते नीट समजलं नव्हतं. मी म्हटलं, “आई, त्यांच्या पगारात राहण्या-जेवणाचा भत्ता असतो, त्यावर टॅक्स नाही. पण तो मिळायला खरं घर दुसरीकडे असावं लागतं, आणि तिथला खर्चही चालू असावा लागतो. नुसतंच चाकांवर राहिलं तर...”

“तर घर चाकांवरच. मग माणूस घराबाहेर गेलंच कधी? आणि गेलं नाही तर भत्ता कसला?” आई म्हणाली. “अरे, मुख्यालय! मुख्यालय सोडल्याशिवाय टीए-डीए मिळत नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?”

अमेरिकेच्या आयकर खात्याचं म्हणणं अक्षरशः हेच आहे.

आईला आता रंग चढला. ती म्हणाली, “यांना सांग, आमच्याकडे याच्या नेमकं उलट. शिक्षकाने शाळेच्या गावातच राहायचं, तरच घरभाडं. सगळे राहतात तालुक्याला, पोरांच्या शाळा तिकडे म्हणून. मग गावात राहतो असा दाखला आणायचा. यांना राहायचं बाहेर आणि दाखवायचं की घर तिकडे. आम्ही राहायचो तिकडे आणि दाखवायचो की घर इथे.”

सिस्टर हे ऐकून गुडघ्यावर थापा मारून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “यांना विचार, यांचा अकाउंटंट कोण होता?”

“सरपंच,” आई म्हणाली.

त्यानंतर त्या दोघींना माझी फारशी गरज उरली नाही. ट्रॅव्हल नर्सच्या धंद्याचा उगम न्यू ऑर्लिन्समधला, असं सांगतात. १९७८ च्या सुमारास मार्डी ग्राच्या उत्सवाला गर्दी लोटायची म्हणून बाहेरगावच्या नर्स बोलावल्या, तिथून प्रथा पडली. सिस्टरनी हे सांगितल्यावर आई म्हणाली, “आषाढीला पंढरपूरला लावतात तशी ड्यूटी. आमच्या तालुक्यातल्या सिस्टर जायच्या.” वर्षाचा नियमही तिला एका वाक्यात कळला. एकाच ठिकाणचं काम वर्षापलीकडे चालणार असं ठरलं की ते तात्पुरतं राहत नाही, तेच मुख्यालय होतं आणि भत्ता जातो. म्हणून गाव कितीही आवडलं, माणसांचा कितीही लळा लागला, तरी वर्षाच्या आत दोर सोडायचा. “म्हणजे बदली अर्ज करून मागायची,” आई म्हणाली आणि जरा वेळ गप्प बसली. तिने आयुष्यभर बदली रद्द करण्याचे अर्ज केले होते. एकदा तर थेट पालकमंत्र्यांपर्यंत.

सिस्टरचं दिवसाचं झोपणं ही पार्कातली मोठी अडचण. खिडक्यांना आतून चंदेरी पत्रे लावलेत, बाहेर ऊन, आत मध्यरात्र. दारावर स्वहस्ते लिहिलेली पाटी आहे. तिचा आशय असा, की रात्रपाळीची नर्स झोपली आहे. आग लागली असेल तर दार वाजवा. रक्त येत असेल तर दाबून धरा आणि चार वाजेपर्यंत थांबा. तरी लोक येतात. दोनशे म्हाताऱ्यांच्या वस्तीत एक नर्स राहते ही बातमी लपत नाही. संध्याकाळी चारला सिस्टर दारावरच्या कापडी छताखाली खुर्ची टाकून कॉफी घेऊन बसल्या की ओळ लागते. बीपी बघा, ही गोळी त्या गोळीबरोबर चालते का, हा तीळ असा का दिसतो. फी नाही. बदल्यात टोमॅटो, दुरुस्त केलेली नळी, आणि कॅनडावाल्यांकडून मेपलचा पाक. तपासणीत काही वाकडं दिसलं तर एकच सल्ला, डॉक्टरकडे जा. लोक जात नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळीत असतात.

डिसेंबरात एका सकाळी सिस्टर ड्यूटीवरून येऊन पायरीवर बूट काढत होत्या. नॉर्थ डकोटाचा एक सत्तरीचा शेतकरी आला. म्हणाला, छातीत काही नाही, पोटात जरा जळजळतंय, रात्री एन्चिलाडा तिखट होता, बीपी तेवढं बघा. सिस्टरनी बीपीचं यंत्र काढलंच नाही. त्याच्या कपाळाकडे पाहिलं. बाहेर अंगात स्वेटर घालावा अशी हवा, आणि हा गडी घामाने निथळतोय, रंग राखेचा. त्यांनी त्याला तिथेच पायरीवर बसवलं, ९११ लावला, तिथल्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्याच्या मनगटावरचं बोट हलवलं नाही. मी पाळी संपवून निघायच्या बेतात होतो तेवढ्यात इमर्जन्सीची ट्यूब आली. ट्रोपोनिन चढलेलं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला मार बसलेला. मी फोन करून आकडा कळवला, तोवर इमर्जन्सीवाल्यांनी त्याला कॅथलॅबमध्ये नेलंही होतं. दोन स्टेंट पडल्या. आठवड्याने तो परत आला, ओळीत उभा राहिला, आणि बायको तक्रारीच्या सुरात सिस्टरना म्हणाली, “त्या दिवशी बीपी बघायचं राहूनच गेलं.”

सिस्टरनी बीपी बघितलं. चार्टवर लिहून दिलं.

एप्रिलात ऊन कडक झालं. ओमाहाहून तीन आगींचा मेसेज आला. मोंटानातलं गाव, दिवसपाळी, पार्कात गटाराचा उतार उत्तम असल्याची यजमानांनी फोनवरून खात्री करून घेतलेली. निघायच्या सकाळी मी निरोपाला गेलो होतो. ऑपरेशन सुरू करण्यापूर्वी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव, बाजू, हत्यारं मोठ्याने पडताळायची असतात, त्याला ‘टाइम आउट’ म्हणतात. सिस्टर कागद घेऊन दारात उभ्या होत्या, यजमान ट्रकपाशी.

“खीळ?”

“बसली.”

“ब्रेकची तार?”

“जोडली.”

“पाय वर?”

“वर.”

“अँटेना?”

“खाली.”

“ब्लॅक?”

“रिकामी, धुतलेली, बंद.”

“मांजर?”

यजमान गप्प. सगळा कार्यक्रम थांबला. मांजर शेजारच्या आयोवाकरांच्या कापडी छताखाली सापडायला पाऊण तास गेला. या माणसांना लोक स्वच्छंदी म्हणतात, बंधन नको म्हणून घर सोडलेली म्हणतात. मला विचाराल तर इतकी नेटकी, हिशेबी, घरकोंबडी बाई मी आमच्या कॉलनीतसुद्धा पाहिलेली नाही. आम्ही आमच्या घराचं ड्रेनेज कुठून जातं हे आजवर पाहिलेलं नाही.

सध्या सिस्टरच्या मजल्यावर दुसऱ्या सिस्टर आल्यात, ओहायोच्या, नवरा नाही, दोन कुत्री. त्यांचीही करंगळीच चालते.

तुमचे आई-वडील हिवाळ्यात इकडे आले आणि दुर्दैवाने दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर रात्री येणारी नर्स शेजारणीला “इथे सलाइन कुठे ठेवतात?” असं विचारताना दिसेल. घाबरू नका, आणि कायमची नर्स द्या म्हणून काउंटरवर वादही घालू नका. सलाइनचं कपाट तिला दोन मिनिटांत सापडेल. शीर तिला पहिल्याच टोचणीत सापडते. आणि आई-वडिलांचा विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका. बिल सिस्टरच्या हातात नसतं.